राष्ट्र ‘काल्पनिक’ असते का? राज्यशास्त्र अभ्यासमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर वर्गासाठी ‘राष्ट्रवाद : उगम आणि सिद्धांत’ या विषयपत्रिकेचा सुधारित मसुदा आपण अध्यापकांच्या अभिप्रायासाठी खुला केला आहे. तो मी दोनदा वाचला. अभिप्रायाच्या तक्त्यात ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ यांपैकी एकावर खूण करण्याची सोय आहे. माझे म्हणणे त्या दोन चौकटींत बसत नाही आणि ते आपल्याइतकेच हा विषय शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या इतरांच्याही कानावर जावे असे वाटते, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मसुद्याच्या दुसऱ्या घटकात ‘बेनेडिक्ट अँडरसन : काल्पनिक समुदाय’ अशी नोंद आहे. अँडरसन यांच्या 1983 सालच्या पुस्तकाच्या नावाचे हे भाषांतर आता इतके रुळले आहे की ते कोणाला खटकत नाही. पण मराठीत ‘काल्पनिक’ म्हणजे जे नाही ते. चित्रपटाच्या आरंभी ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक असून’ ही पाटी येते ती त्याच अर्थाने. गेल्या काही वर्षांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी एक माझ्या स्मरणात पक्की बसली आहे. विद्यार्थ्याने अँडरसन यांच्यावर पान-दीड पान नीट लिहिले होते आणि शेवटी निष्कर्ष काढला होता, ‘म्हणून राष्ट्र काल्पनिक असते, म्हणजेच ते अस्तित्वात नसते.’ नमुना उत्तराशी ते जुळत होते, त्यामुळे मला गुण द्यावे लागले. चूक त्या मुलाची नव्हती. आपण त्याच्या हाती जो शब्द दिला, त्याचा मराठी अर्थ त्याने प्रामाणिकपणे घेतला.

अँडरसन यांचे म्हणणे जवळजवळ उलट आहे. अगदी लहान राष्ट्रातला माणूसही आपल्या बहुसंख्य देशबांधवांना कधी भेटणार नसतो, त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात, तरीही आपण सारे एक आहोत असे चित्र त्याच्या मनात असते. रोज एकमेकांचे तोंड पाहणाऱ्यांच्या वस्तीहून मोठा कोणताही समुदाय याच रीतीने मनात उभा राहतो, मग तो धर्माचा असो की राज्याचा. म्हणून समुदायांची खरा आणि खोटा अशी विभागणी करण्यात अर्थ नाही. ते कोणत्या रीतीने कल्पिले जातात हे पाहावे, असे त्यांनी लिहिले. इतकेच काय, राष्ट्रवादाचे दुसरे मोठे सिद्धांतकार अर्नेस्ट गेलनर यांच्यावर त्यांचा आक्षेपच हा होता की राष्ट्रे ‘रचली’ जातात असे म्हणताना गेलनर रचनेला बनावटपणाच्या पंगतीला नेऊन बसवतात. ज्या अर्थाविरुद्ध लेखकाने मुद्दाम लिहिले तोच अर्थ आपले भाषांतर त्याच्या माथी मारते. ‘कल्पिलेला समुदाय’ हा शब्दप्रयोग थोडा अवघड वाटेल, पण त्यात क्रिया आहे, कर्ता आहे, आणि कोणी, कशाच्या साहाय्याने कल्पिला असे विचारायला जागा आहे. (काल्पनिक देश खरोखर कोणी रचला असेल तर तो गेलनर यांनी. ‘रुरिटानिया’ नावाचे एक शेतकरी राष्ट्र आणि ‘मेगॅलोमानिया’ नावाचे एक साम्राज्य त्यांनी आपला सिद्धांत समजावण्यासाठी उभे केले होते.)

ही केवळ भाषांतराची तक्रार असती तर एका ओळीच्या शुद्धिपत्रावर काम भागले असते. पण त्या शब्दामागे जी समजूत आहे, ती मसुद्याच्या पानोपानी दिसते. राष्ट्र प्राचीन ठरले तर खरे, आधुनिक ठरले तर बनावट, आणि अभ्यासकांचे काम म्हणजे या निवाड्यात कोणत्या तरी एका बाजूने साक्ष देणे, अशी ती समजूत आहे. तिच्यामुळेच घटक तीन पंथांत विभागला गेला आहे: आदिमवादी (राष्ट्राचे बंध मुळापासूनचे मानणारे), आधुनिकतावादी (राष्ट्र ही आधुनिक काळाची निर्मिती मानणारे) आणि वांशिक-प्रतीकवादी (आधुनिक राष्ट्रामागे जुन्या समूहांच्या आठवणी व प्रतीके पाहणारे). प्रत्येक पंथाखाली तीन-चार नावे आहेत आणि नमुना प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ आहे. या जोड्या लागत नाहीत, हे मला सांगायचे आहे.

पहिला रकाना पाहा. आदिमवादी म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांचे नाव दिले आहे. गिअर्ट्झ यांनी 1963 साली नवस्वतंत्र देशांवर लिहिलेल्या निबंधात रक्त, भाषा, धर्म, प्रदेश, चालीरीती यांच्या बंधांना ‘आदिम’ म्हटले, हे खरे. पण त्याच वाक्यात त्यांनी स्वतःला अडवून दुरुस्तीही केली आहे. हे बंध ‘मुळात मिळालेले’ असतात असे म्हणून ते लगेच म्हणतात की नेमके सांगायचे तर ते मुळात मिळालेले आहेत असे ‘मानले जाते’. बंध आदिम आहे हे निरीक्षकाचे प्रमाणपत्र नाही. तो बाळगणाऱ्या माणसाला तो तसा भासतो, एवढेच त्यांचे विधान आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘मानले जाते’ हे शब्द वाचल्यावर गिअर्ट्झ अँडरसन यांच्या शेजारी जाऊन बसतात, आणि आपला रकाना ओस पडतो. खरे तर राष्ट्रे अनादी आहेत असे जबाबदारीने म्हणणारा अभ्यासक आज शोधून काढावा लागतो. पिअर व्हान डेन बर्ग यांनी वांशिक निष्ठा म्हणजे नात्यातल्यांना झुकते माप देण्याच्या जैविक प्रवृत्तीचा विस्तार, अशी मांडणी केली. ती त्या रकान्यात बसू शकेल. एरवी ‘आदिमवादी’ ही पाठ्यपुस्तकांची गरज आहे, कारण प्रतिपक्ष उभा केल्याशिवाय धडा रंगत नाही.

दुसऱ्या, आधुनिकतावाद्यांच्या रकान्यातली मंडळी तर एकमेकांशीच अधिक भांडतात. एली केदुरी यांच्या 1960 सालच्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य राष्ट्रवादाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात शोधून काढलेला सिद्धांत ठरवते. त्यांच्या मते कांटच्या स्वायत्ततेच्या कल्पनेतून निघालेली आणि फिख्टेसारख्यांनी राजकारणात आणलेली ही विचारांची साथ आहे. गेलनर यांना हे साफ अमान्य होते. विचारवंतांवर खापर फोडून उपयोग नाही. हे जन्मले नसते तर दुसरे कोणी जन्मले असते, कारण औद्योगिक समाजाला तशी गरजच होती, असे ते म्हणत. जॉन ब्रॉयली यांना दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्यांच्या दृष्टीने राष्ट्रवाद ही आधी राजकारणाची रीत आहे आणि ती आधुनिक राज्यसंस्थेशी झालेल्या झुंजीतून समजते. टॉम नेअर्न भांडवलाच्या विषम वाढीकडे बोट दाखवतात. चौघेही ‘आधुनिकतावादी’, पण एकाला ग्रंथालयात पुरावा शोधायचा आहे, दुसऱ्याला कारखान्यात आणि शाळेत, तिसऱ्याला सचिवालयात. विद्यार्थ्याने ही नावे एका कंसात टाकली की नेमका वादच त्याच्या हातून सुटतो.

गेलनर यांच्यावर थोडे अधिक लिहितो, कारण या विषयात त्यांच्याइतकी घट्ट वीण दुसऱ्या कोणाची नाही. शेतीप्रधान राज्यात राजाची भाषा आणि कुळाची भाषा वेगळी असली तरी कोणाचे अडत नसे. उलट तो भेद असणेच सोयीचे होते. औद्योगिक समाजात माणूस गाव सोडतो, काम बदलतो, अनोळखी माणसांशी संदर्भाविना समजेल असे बोलतो आणि लिहितो. त्यासाठी साऱ्यांना एकच प्रमाण भाषा यावी लागते, ती घरात मिळत नाही, शाळेत मिळते, आणि एवढी प्रचंड शाळाव्यवस्था चालवण्याची ताकद राज्याकडेच असते. म्हणून संस्कृती आणि राज्य यांची हद्द एकच असावी ही मागणी पुढे येते, आणि त्या मागणीचे नाव राष्ट्रवाद. फ्रान्सचे उदाहरण या मांडणीला चांगले बसते. 1794 साली आबे ग्रेग्वार यांनी क्रांतिकारी अधिवेशनापुढे जो अहवाल ठेवला, त्यात किमान 60 लाख फ्रेंच माणसांना राष्ट्रभाषा येत नाही, आणखी तितक्यांना ती सलग बोलता येत नाही, आणि ती शुद्ध बोलणारे 30 लाखांहून अधिक नाहीत, असा अंदाज आहे. ‘राष्ट्राच्या इच्छेने’ राजा पदच्युत झाल्यानंतरची ही स्थिती आहे. यूजीन वेबर यांनी 1976 साली दाखवून दिले की खेड्यातला शेतकरी फ्रेंच होण्याची प्रक्रिया बऱ्याच अंशी 1870 ते 1914 या काळातली, म्हणजे रस्ते, रेल्वे, सक्तीची शाळा आणि लष्करी सेवा यांच्या काळातली आहे.

या मांडणीतला कच्चा दुवाही विद्यार्थ्यांना कळला पाहिजे. एखादी गोष्ट समाजाला उपयोगी पडली म्हणून ती त्या उपयोगासाठी जन्मली, असे सिद्ध होत नाही. ग्रीकांनी 1821 साली उठाव केला तेव्हा तेथे कोणता कारखाना होता? मसुद्यात गेलनर यांच्या नावापुढे ‘औद्योगिकीकरण’ एवढा एकच शब्द आहे, आणि हा प्रश्न कुठेच नाही.

आता माझी मुख्य सूचना. पंथांची यादी बाजूला ठेवून एक प्रकरण घ्यावे आणि साऱ्या सिद्धांतांना त्या प्रकरणापुढे उभे करावे. मी वर्गात एस्टोनिया हा बाल्टिक किनाऱ्यावरचा छोटा देश घेतो. कारण साधे आहे: 24 ऑक्टोबर 1995 रोजी वॉरिक विद्यापीठात गेलनर आणि त्यांचेच माजी विद्यार्थी, वांशिक-प्रतीकवादी अँथनी स्मिथ यांच्यात जो वाद झाला, त्यात गेलनर यांनी हेच उदाहरण दिले. राष्ट्राला बेंबी असते का, असा त्यांचा प्रश्न होता. बेंबी असणे म्हणजे जुन्या शरीराशी जोडणारी नाळ असल्याची खूण. काही राष्ट्रांना ती असते, काहींना नसते, काहींची मागाहून तयार केली जाते. पण नसूनही राष्ट्र धडधाकट जगते, तेव्हा बेंबीला फार महत्त्व नको. एस्टोनियन लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःचे नावसुद्धा नव्हते, जर्मन जमीनदार व नागरिक आणि रशियन अधिकारी यांच्याहून वेगळे म्हणून त्यांना केवळ ‘भूमीचे लोक’ म्हणत, आणि तरी आज त्यांची संस्कृती इतकी जोमदार आहे की टार्टूच्या संग्रहालयात दर दहा माणसांमागे एक वस्तू आहे, असे त्यांनी सांगितले. या वादानंतर बाराव्या दिवशी, 5 नोव्हेंबरला गेलनर वारले.

हे प्रकरण थोडे जवळून पाहिले की काय होते ते सांगतो. एस्टोनियन भाषेतले संपूर्ण बायबल 1739 साली छापले गेले. लुथेरन चर्चमध्ये दीक्षासंस्कारासाठी वाचता येणे अपेक्षित असे, त्यामुळे कुळवाड्यांच्या घरांत वाचन पोचले होते. इतिहासकार एड्रियन हेस्टिंग्ज यांचा सिद्धांत असा की बोलीभाषेत बायबल उतरले आणि ते घराघरांत वाचले जाऊ लागले की राष्ट्राची बीजे पडतात, कारखान्यांची वाट पाहावी लागत नाही. त्यांना येथे आधार सापडतो. मग 1857 साल येते. योहान वोल्डेमार यान्सेन हे शाळामास्तर ‘पेर्नो पोस्तिमेस’ हे साप्ताहिक सुरू करतात आणि पहिल्याच अंकात वाचकांना अभिवादन करतात, ‘नमस्कार, प्रिय एस्टोनियन जनहो!’ तोवर हीच माणसे स्वतःला ‘भूमीचे लोक’ म्हणवत होती. एकमेकांना कधी न भेटलेल्या शेतकऱ्यांना छापील कागद एका नव्या नावाने हाक मारतो, आणि ते ‘ओ’ देतात. मुद्रण आणि बाजार यांच्या संयोगातून अनोळखी वाचकांचा एक समुदाय मनात उभा राहतो असे अँडरसन सांगतात, त्याचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही. 1869 साली टार्टूला पहिला गायनमहोत्सव भरला, तोही यान्सेन यांच्याच पुढाकाराने. तेथे स्मिथ पुढे येतात आणि विचारतात: ती हाक नेमकी याच लोकांना का लागू पडली? भाषा, लोकगीते, जमीनदारांहून आपण निराळे आहोत ही जाणीव आधी नसती, तर ‘ओ’ कोण देणार होते? ‘भूमीचे लोक’ हेसुद्धा एक नावच नव्हे काय?

चेक इतिहासकार मिरोस्लाव हरोख यांनी ज्या लहान राष्ट्रांचा तौलनिक अभ्यास केला, त्यांत एस्टोनियाही आहे. त्यांनी सिद्धांतापेक्षा माणसे मोजली: देशभक्त कोण होते, त्यांचे वडील काय करत, ते कोणत्या भागांतून आले. त्यातून त्यांनी तीन टप्पे पाडले. आधी काही विद्वान भाषा-लोककथा गोळा करतात, मग एक छोटा गट जाणीवपूर्वक प्रचार करतो, आणि शेवटी, झालीच तर, जनचळवळ होते. ‘झालीच तर’ हे शब्द मोलाचे आहेत, कारण पहिल्या टप्प्याहून तिसऱ्यापर्यंत जाणे अटळ नव्हते. गेलनर यांच्यासाठी मात्र हे प्रकरण स्वतःच अडचणीचे ठरते. 1857 साली एस्टोनिया शेतीप्रधान होता आणि मोठे कारखाने मुख्यतः पुढच्या पिढीत आले. त्यांच्या बाजूने म्हणता येईल की उद्योगाची सावली उद्योगाच्या आधी पडते आणि शिकलेल्या शेतकरीपुत्राला पुढच्या नोकऱ्यांची भाषा कोणती असणार हे आधी कळते. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, यावर माझ्या वर्गात तास-दीड तास वाद चालतो. जोड्या लावायला तीन मिनिटे पुरतात.

हे उदाहरण आणखी एक गोष्ट दाखवते. हे अभ्यासक बऱ्याचदा एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देत नसतात. त्यांचे प्रश्नच वेगळे असतात. स्मिथ विचारतात साहित्य कुठून आले, गेलनर विचारतात इमारतीची गरज का पडली, अँडरसन विचारतात ती मनात कशी दिसली, हरोख विचारतात गवंडी कोण होते. इमारत किती जुनी, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी काय मोजता त्यावर ठरते.

‘किती जुनी’ या प्रश्नात शब्दांचा एक सापळाही आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवायला हवा. ‘राष्ट्र’ हा शब्द ऋग्वेदात आहे. तेथे त्याचा अर्थ राज्य, अधिपत्य, सत्तेखालचा मुलूख असा होतो. शब्द जुना म्हणून आजची कल्पना जुनी, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो केवळ आपल्यालाच होतो असे नाही. लॅटिन ‘नातिओ’ हाही जुना शब्द आहे, पण मध्ययुगीन पॅरिस विद्यापीठात ‘नातिओ’ म्हणजे विद्यार्थी-अध्यापकांचे गट, आणि तेथल्या ‘इंग्लिश नातिओ’मध्ये जर्मन मुलखांतले व उत्तर युरोपातले विद्यार्थीही मोडत. शब्दाची वंशावळ म्हणजे वस्तूची वंशावळ नव्हे. उलट बाजूनेही घाई नको. आठव्या शतकातला बीड हा ख्रिस्ती भिक्षू इंग्रज लोकांचा इतिहास म्हणून ग्रंथ लिहितो, तेव्हा त्याच्या मनात कोणता तरी समुदाय आहेच, आणि हेस्टिंग्ज त्या आधारावर इंग्लंडला राष्ट्रांमधले ज्येष्ठ ठरवतात. लिआ ग्रीनफेल्ड यांना हाच मान सोळाव्या शतकातल्या इंग्लंडला द्यावासा वाटतो, कारण तेव्हा तेथे ‘राष्ट्र’ या शब्दात सामान्य माणूस मोडू लागला. वॉकर कॉनर यांचा आक्षेप दोघांनाही लागू पडतो: मूठभर लेखकांच्या मनात काय होते याची साक्ष मिळते, पण राष्ट्र ही बहुसंख्यांच्या मनातली गोष्ट आहे आणि निरक्षर शेतकरी लेखी पुरावा मागे ठेवत नाही. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी युरोपातून अमेरिकेला गेलेल्यांकडे लक्ष वेधले. आपण कोण असे विचारल्यावर त्यांतले कितीतरी जण राष्ट्राऐवजी गावाचे किंवा प्रांताचे नाव सांगत. ही नोंद वाचताना मला नेहमी वाटते की आमच्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार मौन पाळून आहे.

मौनाची गोष्ट निघाली म्हणून मसुद्यातल्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे येतो. गेल्या दोन-अडीच दशकांत या विषयात जे ताजे काम झाले त्याचा मसुद्यात मागमूस नाही. रॉजर्स ब्रूबेकर यांनी सांगितले की गट आधीच तयार आहेत असे धरून चालू नका. गटपण कधी दाटते आणि कधी विरते ते पाहा. टारा झाहरा, पीटर जडसन, जेरेमी किंग यांनी हॅब्सबर्ग साम्राज्यातल्या दुभाषी वस्त्यांची दप्तरे उलगडली आणि राष्ट्राबद्दल उदासीन असलेली, सोयीनुसार बाजू बदलणारी किंवा बाजू घेण्यास नकार देणारी माणसे पुढे आणली. 1880 च्या ऑस्ट्रियन जनगणनेचा अर्ज या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात ‘नित्य व्यवहाराची भाषा’ असा रकाना होता आणि भाषा एकच लिहायची होती. घरात चेक, बाजारात जर्मन बोलणाऱ्याने काय लिहावे? त्याला दोन्ही येत होत्या आणि दोन्ही त्याच्या कामाच्या होत्या. दुसरी भाषा यावी म्हणून तेथली कुटुंबे सुटीत आपली मुले एकमेकांकडे राहायला पाठवत. चळवळीतले कार्यकर्ते मात्र त्या एका रकान्यासाठी दारोदार फिरत. 1905 साली मोराव्हिया प्रांतात झालेल्या चेक-जर्मन तडजोडीनंतर तर मतदाराला चेक किंवा जर्मन यांपैकी एका यादीत नाव असणे भाग पडले. येथे जनगणना ओळख नोंदवते आहे की घडवते आहे?

पोलंडच्या 1931 च्या जनगणनेत उलट चित्र दिसते. पोलेसियाच्या दलदलीच्या प्रदेशातल्या सुमारे 7 लाख लोकांच्या मातृभाषेपुढे ‘इथलीच’ अशी नोंद झाली. सरकारला पोलिश नसलेल्यांची संख्या कमी दाखवायची होती, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, हे मान्य. तरीही ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘आम्ही इथलेच’ हे उत्तर त्या भागात ऐकू येत होते, आणि आपल्या तीन रकान्यांपैकी एकातही त्या माणसाला बसायला जागा नाही.

पार्थ चटर्जी यांचे नाव मसुद्यात ‘इतर दृष्टिकोन’ या मथळ्याखाली आले आहे. ‘इतर’ हा शब्द काढून टाकावा. वसाहतींतल्या लोकांनी युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या साच्यांतूनच राष्ट्र निवडायचे असेल, तर कल्पायला त्यांच्यासाठी उरले काय, हा 1993 साली त्यांनी अँडरसन यांना विचारलेला प्रश्न मुख्य वादाचाच भाग आहे. भाषा, कुटुंब, धर्म या आतल्या क्षेत्रात राष्ट्र आपले सार्वभौमत्व आधी घोषित करते आणि राज्यसत्तेशी उघड लढा नंतर देते, ही त्यांची मांडणी मान्य केली तर राष्ट्रवादाचा आरंभ पक्ष-परिषदांच्या स्थापनेपासून मोजणारी सारी कालगणनाच सरकते.

आता त्या मूळ समजुतीकडे परत येतो, की राष्ट्राचे वय आणि राष्ट्राची प्रतिष्ठा एकच. मंडळाच्या काही सदस्यांना आधुनिकतावादी मांडणी शिकवण्यात धोका वाटतो, असे कानावर आले आहे. ही भीती नवी नाही. 1817 साली व्हाक्लाव हांका या चेक विद्वानाला एका चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या चेक काव्याचे हस्तलिखित ‘सापडले’. चेक भाषेला इतके प्राचीन महाकाव्य आहे या आनंदात दोन पिढ्या वाढल्या. चित्रे काढली गेली, संगीत रचले गेले. 1886 साली भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअर आणि प्राध्यापक टोमाश मासारिक यांनी ते बनावट असल्याचे पुरावे जाहीरपणे मांडले. मासारिक यांच्यावर राष्ट्रद्रोहाचा आरोप झाला, वृत्तपत्रांनी त्यांना झोडपून काढले. हेच मासारिक 1918 साली चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. हस्तलिखित गेले, राष्ट्र राहिले. आपल्या राष्ट्राला खोट्या वंशावळीची गरज आहे असे मानणाऱ्यांपेक्षा त्या राष्ट्रावर मासारिक यांचाच विश्वास अधिक होता, असे मी वर्गात म्हणतो. विद्यार्थ्यांनी ते मान्य करावे असा माझा आग्रह नसतो.

फ्रेंच विचारवंत एर्नेस्ट रेनाँ यांनी 11 मार्च 1882 रोजी सॉर्बोनमध्ये दिलेले व्याख्यान मसुद्यात ‘दैनंदिन सार्वमत’ (राष्ट्र लोकांच्या रोजच्या संमतीवर टिकते) या दोन शब्दांपुरते उरले आहे. ते मूळ व्याख्यानच वाचायला लावावे. अल्सास आणि लोरेन हे प्रांत 1871 साली जर्मनीकडे गेले होते. तेथली माणसे जर्मन बोलतात म्हणून जर्मन, हा दावा त्यांना खोडायचा होता, हे संदर्भासह सांगावे. त्यात एक चमत्कारिक वाक्य आहे. प्रत्येक फ्रेंच नागरिकाने सेंट बार्थोलोम्यूचे हत्याकांड आणि तेराव्या शतकातल्या दक्षिणेकडील कत्तली विसरलेल्या असल्या पाहिजेत, असे रेनाँ म्हणतात. पण या घटना काय होत्या हे ते सांगत बसत नाहीत, कारण श्रोत्यांना त्या पाठ असतात. म्हणजे जे विसरलेले असायला हवे त्याची आठवण सतत करून दिली जाते, ती भावाभावांतली जुनी भांडणे म्हणून. अँडरसन यांनी पुस्तकाच्या 1991 च्या आवृत्तीत हे उलगडून दाखवले, आणि पहिल्या आवृत्तीत आपण रेनाँचे हे वाक्य न समजताच उद्धृत केले होते अशी मोकळी कबुलीही दिली. असा लेखक विद्यार्थ्यांना भेटावा, यासाठी तरी मूळ उतारे नेमावेत.

हान्स कोन यांचा पश्चिमेचा नागरी आणि पूर्वेचा वांशिक राष्ट्रवाद हा 1944 सालचा भेद मसुद्यात निर्विवाद तथ्य म्हणून दिला आहे. तो त्याच्या काळासह आणि त्यावरील टीकेसह द्यावा; अधिक लिहीत नाही.

तर माझ्या मागण्या अशा. ‘काल्पनिक’ हा शब्द वगळून ‘कल्पिलेला’ घ्यावा. गिअर्ट्झ यांना त्या रकान्यातून सोडवावे, आणि शक्य असेल तर रकानेच काढावेत. दुसऱ्या घटकात एक सविस्तर प्रकरण नेमावे. एस्टोनियाच असावे असे नाही, नॉर्वे, फिनलंड किंवा ग्रीसही चालेल, मात्र मूळ साधनांचा अनुवाद उपलब्ध करून द्यावा. तो अनुवाद करण्याच्या कामात माझे नाव धरावे. परीक्षेत ‘जोड्या लावा’ऐवजी 1880 च्या जनगणनेच्या अर्जातला तो एक रकाना छापावा आणि विचारावे: घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसाने येथे काय लिहिले असेल, आणि त्याच्या उत्तराचा पुरावा म्हणून आपण कितपत उपयोग करू शकतो? नमुना उत्तर तयार करण्यासाठी नियामकांना थोडा अधिक वेळ लागेल.

मसुद्यावर अभिप्राय देण्याची मुदत संपण्यापूर्वी हे पत्र आपल्यापर्यंत पोचेल अशा बेताने पाठवत आहे.

कळावे,

आपला,
राज्यशास्त्राचा एक अध्यापक